पानशेतच्या आधी की नंतर?

कोर्टात येणारी माणसं दोन प्रकारची. एक, ज्यांना यावं लागतं. दुसरी, ज्यांना येण्याचे पैसे मिळतात. अप्पा या दोन्हींत मोडत नाहीत. त्यांना कोर्ट आवडतं. त्यातही न्यायदानाच्या भागाबद्दल त्यांचं मत फारसं बरं नाही. साक्षी, उलटतपास, युक्तिवाद ही सगळी त्यांच्या लेखी कच्ची तयारी. निकाल लागला, दप्तर बांधलं, त्यावर चिठ्ठी चिकटली आणि ते रेकॉर्डला गेलं, की अप्पांचं कोर्ट सुरू होतं. "निकाल काय, कोणीही देतो," ते म्हणतात. "तो पन्नास वर्षांनी काढून दाखवायला माणूस लागतो."

आमच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात नोटरीचं टेबल आणि झेरॉक्सचं दुकान यांच्यामध्ये एक बाकडं आहे. पावणेअकराला अप्पा तिथं हजर. पांढरा शर्ट, पायजमा, खिशाला दोन पेनं आणि खांद्याला बियाण्याच्या कंपनीची पिशवी. पिशवीत कोर्ट फी स्टँप, डिंकाची बाटली, टाचण्या, दाभण, दोरा, कोरे फुलस्केप आणि घरचा डबा. एका पेनानं ते अर्ज लिहितात, दुसरं लोकांना सहीला देतात. सहीला दिलेलं पेन परत येत नाही असा त्यांचा अनुभव आहे, आणि दाखल्यादाखल ते तीन वकिलांची नावं सांगू शकतात.

अप्पा वकील नाहीत, कारकून नाहीत आणि पैसेही घेत नाहीत. ही शेवटची गोष्ट नक्कल विभागाला सगळ्यात जड जाते. पैसे घेणाऱ्याला हाकलता येतं, पैसे देणाऱ्याला ताटकळत ठेवता येतं. पण नुसताच नियम सांगणाऱ्या माणसाचं काय करावं, हे सिव्हिल मॅन्युअलमध्येही दिलेलं नाही. त्यामुळे अप्पा खिडकीशी आले की आतल्या मॅडम मान वर न करता विचारतात, "आज कुणाची?"

कुणाची ना कुणाची असतेच. परवा एक म्हातारी नातवाला घेऊन आली. कुणीतरी तिला थेट बाकड्यावर पाठवलं होतं.

"आमच्या सासऱ्यांचा वाटपाचा निकाल काढायचाय."

"नंबर?"

"नंबर कुठनं आणू?"

"बरं, साल?"

"सासरे होते तवा."

"कोण कोणावर होतं?"

"सासरे आन् त्यांचा धाकटा भाऊ."

"त्यात वादी कोण?"

"दोघंबी वादीच होते की. दिवसरात."

इथं दुसऱ्या कुणी हात टेकले असते. अप्पांनी बूड सरसावलं आणि त्यांचा ठेवणीतला प्रश्न विचारला, "पानशेत फुटलं, त्याच्या आधी की नंतर?"

"नंतर. पानशेत फुटलं तवा माझं लगीनबी नव्हतं."

"भूकंपाला?"

"भुईकंपाला थोरला पोटात होता. सासरे त्याच दिशी तारखेला निघाले होते. सासूबाई म्हणाल्या, जाऊ नका. गेलेच."

"सोमवार होता," अप्पा पुटपुटले. "पहाटे हादरला, दिवसा कोर्ट चालू. बरोबर. आणि बहात्तरच्या दुष्काळाला?"

"तवा आमच्या वाट्यात हीर खणली."

अप्पांनी फुलस्केपच्या कडेला लिहिलं: दाखल १९६१ नंतर, ११ डिसेंबर १९६७ ला चालू, निकाल १९७२ पूर्वी. मग नातवाकडे पाहून म्हणाले, "तुझ्या आजीला सगळं ठाऊक आहे. तिला कुणी नीट विचारलं नव्हतं इतकंच."

अप्पांचं सगळं शास्त्र हेच. खेड्यातल्या माणसाला नंबर आठवत नाही, पण पूर, दुष्काळ, बाळंतपणं आणि भांडणं पक्की आठवतात. कोर्टाला त्यातलं काही आठवत नाही, कोर्टाला फक्त नंबर आठवतो. या दोघांच्या मधल्या बाकड्यावर अप्पा बसतात. त्यांच्याजवळ मानमोडीच्या साथीपासून, म्हणजे १९१८ पासून, इंदिराबाईंच्या हत्येपर्यंतचं पंचांग तोंडपाठ आहे. १ एप्रिल १९५७ या तारखेवर त्यांचा विशेष जीव. त्याच दिवशी नवे पैसे आले आणि त्याच दिवशी कुळकायद्यातला कृषक दिन. "नवे पैसे आले तेव्हा जमीन आमच्या नावावर झाली," असं कुणी म्हणालं, की अप्पा त्याचं पुढचं ऐकतच नाहीत. "कुळाचं प्रकरण. इथं काही नाही. तहसीलला जा. खरेदीखत असेल तर दुय्यम निबंधकाकडं, फेरफार असेल तर तलाठ्याकडं. इथं फक्त भांडणं मिळतात."

भांडणाचा नंबर मिळाला म्हणजे ते हाती लागलं असं मात्र नाही. रे.मु.नं. म्हणजे रेग्युलर मुकदमा, वि.मु.नं. म्हणजे विशेष, वरिष्ठ स्तराच्या कोर्टात लागलेला, चौ.अ. म्हणजे चौकशी अर्ज, ज्यात वारस दाखले सापडतात. आणि दरखास्त म्हणजे निकाल जिंकूनही काहीच हाती न लागलेल्या माणसानं पुन्हा मारलेला हेलपाटा. एकाच कुटुंबाची चारही असू शकतात आणि सगळ्यांना नंबर एकच असू शकतो. त्यातून मधल्या काळात तालुक्याला नवं कोर्ट झालेलं असतं. दावा तिकडं वर्ग होतो आणि त्याला नवा नंबर पडतो. जुना नंबर घेऊन फिरणाऱ्याला दोन्हीकडून नकार मिळतो. किंवा कुणीतरी अपील केलेलं असतं आणि दप्तर वर गेलेलं असतं. रॅकवर त्याच्या जागी एक चिठ्ठी असते, आणि चिठ्ठीवर सही कुणाची ते वाचता येत नाही. शिवाय दावा दाखल सालाच्या नावानं ओळखायचा आणि आमच्याकडं दप्तर लावायचं ते निकालाच्या सालात. १९६३ चा दावा १९६३ च्या रॅकवर शोधणाऱ्या नवशिक्याकडं अप्पा फार मायेनं बघतात.

शोध लागला की अर्ज. अर्जात एक रकाना असतो, नक्कल कशासाठी पाहिजे याचा. अप्पांचं म्हणणं, माणसाचा स्वभाव या रकान्यात कळतो. एकानं लिहिलं होतं, "भाऊ फार माजला आहे म्हणून." एकानं, "मयत वडिलांची इच्छा." एका निवृत्त शिक्षकानं नुसतंच लिहिलं, "वाचण्याकरिता." अप्पा हे सगळं खोडून "अपील कामी" किंवा "इतर दाव्यात दाखल करणेकामी" असं घालतात, पण शिक्षकाचा कागद त्यांनी तसाच ठेवला. एवढं प्रामाणिक कारण खोडायला पेन उचललं नाही म्हणे.

तुम्ही पक्षकार असाल तर प्रश्न नाही. त्रयस्थ असाल तर तुमचा त्या कागदाशी काय संबंध ते प्रतिज्ञापत्रावर सांगा, न्यायाधीशांची परवानगी घ्या, मग बघू. पुष्कळांना याचा राग येतो. कोर्ट उघडं, निकाल उघड, मग परवानगी कसली? अप्पा समजावतात, "दादा, उद्या तुझ्या घटस्फोटाचे कागद तुझा शेजारी मागायला आला, तर मी त्यालाही हेच सांगीन." दादा लगेच प्रतिज्ञापत्राचा नमुना मागतो.

नक्कल हातात आली की लोक पहिलं पान वाचतात. अप्पा ती उलटी करतात. मागच्या शिक्क्यात तारखा असतात: अर्ज कधी केला, नक्कल तयार कधी झाली, दिली कधी. अपिलाला जिल्हा न्यायालयात तीस दिवस, उच्च न्यायालयात नव्वद. पण १९६३ च्या मुदतीच्या कायद्याचं कलम १२ म्हणतं, की नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस मोजायचे नाहीत. म्हणजे कारकून आजारी पडला, लाइट गेली, झेरॉक्स मशीन बिघडलं, तर तेवढं तुमचं आयुष्य वाढलं. "दिरंगाईचा फायदा गरिबाला देणारं कायद्यातलं हे एकच कलम," असं अप्पा म्हणतात. मात्र अर्ज आधी पाहिजे. अर्ज करण्याआधी घरात बसून काढलेले दिवस कुणी परत देत नाही. त्यामुळे निकाल ऐकून पक्षकार रडत बाहेर आला, तर अप्पा त्याला पाणी नंतर देतात. आधी फॉर्म देतात.

फौजदारीवर त्यांचा एक कायमचा राग आहे. कैदेची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालाची प्रत तिथल्या तिथं आणि मोफत मिळते. "आणि आमचा दिवाणी माणूस," ते विचारतात, "ज्यानं कुणाला चापटसुद्धा मारलेली नाही, तो पानाला पैसे भरतो. माणसानं काय बोध घ्यावा?" दुसरा घाव १ जुलै २०२४ चा. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम ७६, ज्यानं नागरिकाला सार्वजनिक कागदाच्या प्रमाणित नकलेचा हक्क दिला, ते अप्पांना आरतीसारखं पाठ होतं. नवा साक्ष्य अधिनियम आला आणि तेच कलम ७५ झालं. मजकूर जवळपास तोच, आकडा एकानं उतरला. अप्पा अजूनही बोलताना ७६ म्हणतात, थांबतात, आणि कुणीतरी आपला पगार कापल्यासारखा चेहरा करून ७५ म्हणतात.

मध्यंतरी एक तरुण कार्यकर्ता आला. त्यानं दाव्याची कागदपत्रं माहितीच्या अधिकारात मागितली होती आणि अर्ज नाकारल्यामुळे उपोषणाला बसायच्या बेतात होता. अप्पांनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, की गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे मिटवून टाकलंय. न्यायालयीन कामकाजाची नक्कल न्यायालयाच्या नियमांनीच मागायची, माहितीच्या अधिकारानं नाही. "म्हणजे लोकशाही कुठं आहे?" कार्यकर्त्यानं विचारलं. "तीन नंबरच्या खिडकीत. स्टँप लावून अर्ज द्या, दुपारी दोनपर्यंत घेतात." उपोषण टळलं. कार्यकर्ता आता दर आठवड्याला येतो आणि तोही नकला उलट्या करून बघतो.

ई-कोर्ट आलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, अप्पांचं बाकडं उठलं. पोरं मोबाइलवर तारखा बघायला लागली. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरी सीएनआर नंबर: आधी राज्य, मग जिल्हा, मग कोर्ट, मग अनुक्रम, शेवटी साल. पुण्याचा असेल तर एमएचपीयूनं सुरू होणारा. अप्पांनी पहिल्यांदा तो नंबर बघितला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. कुठल्याही प्रकरणाची देशात दुसऱ्या कुठल्याही प्रकरणाशी गफलत होणार नाही, दावा एका कोर्टातून दुसऱ्यात गेला तरी शोधता येईल, हे त्यांच्या आयुष्यभराच्या तक्रारीचं उत्तर होतं. त्यांनी सरकारची स्तुती केली. झेरॉक्सवाल्यानं ती तारीख भिंतीवर लिहून ठेवली.

पण मोबाइललाही मर्यादा निघाल्या. नंबर नसेल तर नावावरून शोध, आणि नावाबरोबर साल द्या. एक पोरगं डोकं खाजवत आलं, "अप्पा, हे साल मागतंय." अप्पांना गुदगुल्या झाल्या. "मशीनलाही शेवटी तेच लागतं ना? आजोबांना विचार, पानशेतच्या आधी की नंतर." आजोबांचा दावा त्यात नव्हताच. संगणक येण्याआधी निकाली निघून रेकॉर्डला गेलेली भांडणं अजून कापडातच आहेत. आणि मोबाइलवर उतरवलेला निकाल वाचायला चालतो, दाखल करायला शिक्क्याची नक्कल लागते. बाकडं जागच्या जागी राहिलं. फक्त पिशवीत एक चार्जर वाढला.

२०२३ च्या शेवटी मात्र अप्पांचे खरे सुगीचे दिवस आले. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्तानं कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि जिल्ह्यातला प्रत्येक माणूस पणजोबांच्या मागे लागला. ज्या कचेऱ्यांत उंदीरसुद्धा कंटाळून गेले होते, तिथं रांगा लागल्या. जुने कागद मोडीत, आणि मोडी वाचणारे दुर्मिळ. अप्पांना मोडीतलं फक्त "श्री" वाचता येतं. तरी लोक कागद पुढं करायचे. अप्पा तो उजेडाकडं धरायचे, गंभीरपणे "श्री" म्हणायचे आणि खऱ्या मोडी जाणकाराचा पत्ता द्यायचे. लोक त्यावरही पाया पडून जायचे.

सगळेच कागद काही मिळत नाहीत. दप्तरातले कागद अ, ब, क, ड अशा वर्गांत लावतात. काही कायमचे, काही ठरावीक वर्षांनी नष्ट करायचे. त्यासाठी १९१७ चा कायदाच आहे. अर्जावर "सदर कागद नियमानुसार नष्ट" असा शेरा येतो तेव्हा पक्षकार मटकन खाली बसतो. अप्पा लगेच दुसरा अर्ज लिहितात, त्या शेऱ्याच्या प्रमाणित नकलेचा. कारण मूळ कागद नष्ट झाला हे सिद्ध करता आलं, तर दुय्यम पुरावा द्यायची वाट उघडते, म्हणजे कुठंतरी पडलेली जुनी प्रतही कामाला येते. "असल्याचा कागद नाही मिळाला तर नसल्याचा घ्यावा," हे त्यांचं ब्रीद. "रिकाम्या हातानं कोर्टातून जाऊ नये."

घरीही हाच कारभार. कपाटात चार कप्पे, अ ब क ड. अ मध्ये सात-बारा आणि लग्नात आलेल्या आहेराची यादी. ब मध्ये मुलांच्या गुणपत्रिका. क मध्ये दूधवाल्याचे हिशेब. ड मध्ये काय असतं ते काकूंनाच माहीत, कारण तो कप्पा दर दिवाळीला रिकामा होतो. यंदा रद्दीवाल्याच्या तराजूत चुकून क गेला. अप्पांनी दूधवाल्याचं १९९८ सालचं कार्ड मागितलं, तेव्हा काकूंनी हातातलं लाटणं न ठेवता पाठकोऱ्या कागदावर लिहून दिलं: "सदर कार्ड नियमानुसार नष्ट." खाली सही आणि तारीख. अप्पांनी तो कागद अ मध्ये लावला.

रंगात आले की अप्पा गिनीज बुकातली पुण्याच्या दाव्याची नोंद सांगतात. मानपानाचा दावा: जत्रेत पुढं कुणी बसायचं. पूर्वजानं १२०५ साली लावलेला, वंशजाच्या बाजूनं निकाल २८ एप्रिल १९६६ रोजी. सातशे एकसष्ट वर्षं. ज्ञानेश्वरी १२९० ची, म्हणजे दावा तिच्यापेक्षा जुना. बाकीचे लोक न्यायाच्या दिरंगाईवर हळहळतात. अप्पांचा प्रश्न वेगळाच असतो: "मूळ अर्जाची नक्कल कुणी काढली असेल हो?"

त्यांचा स्वतःचा दावा मात्र साधा, सामायिक विहिरीच्या पाळीचा. चुलतभाऊ बापूंच्या विरुद्ध. आजोबांच्या वेळचा हुकूमनामा शोधायला म्हणून ते पहिल्यांदा रेकॉर्डला गेले आणि हुकूमनामा सापडेपर्यंत निम्म्या तालुक्याच्या भानगडी त्यांना पाठ झाल्या. दोघे भाऊ एकाच एसटीनं यायचे. जातानाचं तिकीट बापूंचं, येतानाचं अप्पांचं. फाटकापर्यंत पिकांवर बोलायचे, फाटकात शिरले की एकमेकांना ओळखायचे नाहीत. आवारात प्रतिवादीशी हसून बोलणं बरं दिसत नाही, असं दोघांचंही मत होतं.

गेल्या लोकअदालतीत दावा मिटला. आठवड्यातले तीन दिवस पाणी यांचं, तीन दिवस त्यांचं, रविवारी मोटार बंद. बापूंनी पेढे आणले. आम्हाला वाटलं, आता अप्पा सुन्न होतील. पण ते खिडकीत होते. तातडीच्या नकलेचा अर्ज, ज्यादा फी भरून. मी म्हटलं, "अप्पा, लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. घाई कसली?"

"अपिलासाठी कोण काढतंय?" ते म्हणाले. "आज आम्ही दोघं हसतोय. पुढं नातवंडं विहिरीवर उभी राहतील, तेव्हा त्यांना ना नंबर आठवेल ना साल. अ वर्गात घालून ठेवतो, वरती नंबर लिहून." मग पेढा खात असलेल्या बापूंकडं वळून म्हणाले, "तुझीही यातच काढू का? दोन प्रती. पैसे मी भरतो."

बापूंनी हात पुसले, पिशवीतून स्वतःचं पेन काढलं आणि खिडकीकडं सरकले. "नको. माझा अर्ज मी वेगळा करतो. तुझ्या हातून आलेल्या कागदाचा काय भरवसा?"

अप्पांनी त्यांच्याकडं मोठ्या कौतुकानं पाहिलं आणि डिंकाची बाटली पुढं केली.